तीन खाचरांचं मैदान

घरमालकांनी मला खोली दाखवायच्या आधी मैदान दाखवलं.

मुळशी तालुक्यातल्या त्या गावी मी शाळेत इतिहास शिकवायला नुकताच आलो होतो. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात पुस्तकांची ट्रंक, आणि एसटीच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. "सामान ठिवा ओसरीवर. आधी चला," असं म्हणून ते पुढे निघाले. मी निमूटपणे मागे गेलो. गावाखाली ओढ्याच्या अंगाला भाताची कापणी झालेली तीन खाचरं होती. एकाखाली एक, पायऱ्यांसारखी. मधले बांध काढून टाकलेले, आणि वरच्या टोकाला एक व खालच्या टोकाला एक अशा लाकडाच्या दोन पांढऱ्या चौकटी उभ्या.

"कसं वाटतं?" त्यांनी विचारलं.

"छान आहे शेत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की खोली हातची गेली असंच मला वाटलं.

"मास्तर, श्येत पावसाळ्यात. आत्ता हे फुटबॉलचं मैदान हाय. हितं आमी आजपातूर एक बी मॅच हारल्यालो न्हाई."

"आणि दुसरीकडे?"

"दुसरीकडं काय मैदानं असत्यात व्हय?" ते म्हणाले आणि परत फिरले.

गावात त्यांना सगळे अण्णा म्हणत. पन्नाशीचे, बुटके, छाती मात्र एखाद्या उंच माणसाकडून मागून आणल्यासारखी. डोक्याला पटका, अंगात सदरा, आणि पायात उन्हाळा असो की पावसाळा, लष्करी बूट. ते बूट त्यांना एक बोट मोठे होते. त्यामुळे ते येतात हे दिसायच्या आधी ऐकू येई. कुणाचं बोलणं ते मध्येच तोडत नसत, कारण ते आल्यावर दुसरं कुणी बोलत नसे.

इंग्रजांच्या काळात अण्णा पुण्याच्या लष्करात गवत पुरवीत. डोंगरावरचं गवत कापायचं, गाडी भरायची, भूगाव-बावधनवरून कॅम्पात न्यायची आणि वजन होईपर्यंत ताटकळत बसायचं. हे ताटकळणं एका पलटणीच्या फुटबॉलच्या मैदानाशेजारी होई. बाकीचे गाडीवान त्या वेळात झोप काढत. अण्णा बघत बसले. पुढे इंग्रज गेले, पलटण गेली, आणि तिच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी टेबलं, खुर्च्या, चिनी मातीची भांडी घेतली. अण्णांनी गोलच्या दोन चौकटी घेतल्या आणि वर मिळाले म्हणून बूट. बैलगाडीत पांढरे खांब आडवे टाकून ते गावात शिरले तेव्हा देवळाला नवा दरवाजा आला असं समजून कुणीतरी नारळ फोडला, असं सांगतात. सांगणारे अण्णाच असल्यामुळे मी नारळावर फारसा भरवसा ठेवत नाही.

चौकटी आल्या, पण त्या रोवायला सपाट जागा त्या गावात नव्हती. आमच्या त्या भागात देवानं जमीन दिली ती उभी दिली. माणसानं तिला आडवे बांध घालून घालून भात पिकवण्याजोगी केली. खाचर पाणी धरतं ते बांधाच्या जिवावर. त्यामुळे वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात, आणि नातवांपर्यंत बंदच राहतात. अशा मुलखात एका माणसानं आपलेच दोन बांध आपल्या हातानं फोडले. त्या दिवशी गावानं अण्णांविषयी जे मत बनवलं, ते पुढे कधी फारसं बदललं नाही. अण्णांच्या बायकोला मी वहिनी म्हणत असे. त्यांनी ते मत थोडक्यात सांगितलं होतं: "लोकं भात निघाला की वाल पेरत्यात, हरबरा पेरत्यात. आमचं येडं पोरं पेरतंय."

वहिनींनी एक अट मात्र घातली होती: भात चुकता कामा नये. त्यातून त्या मैदानाचं वर्ष ठरलं. दिवाळीनंतर कापणी झाली की बांध फोडायचे, ढेकळं मोडायची, भाताची खोडकी खुरप्यानं काढायची आणि खेळायचं. जेठ लागला की चौकटी उपटून गोठ्यात ठेवायच्या आणि बांध पुन्हा घालायचे. पावसाळाभर मैदानात आंबेमोहोर डुले. फोडण्याच्या आणि घालण्याच्या या कामाला अण्णांनी काढलेल्या क्लबच्या प्रत्येक सभासदानं यायचं, हीच वर्गणी. संघ निवडताना अण्णा हेच बघत. ज्याचा बांध पाणी सोडतो तो अकरांत बसत नसे. "ज्याला माती धरता येत न्हाई त्यो चेंडू काय धरंल?" हे त्यांचं तत्त्व. त्यामुळे एक चाळिशी उलटलेले, फावड्याला अत्यंत वाकबगार असे गृहस्थ तीन वर्षं आमचे लेफ्ट बॅक होते. त्यांना चेंडू फारसा दिसत नसे. पण त्यांच्या बांधातून थेंब गळत नसे.

क्लबच्या नावात मंडळ, संघ आणि क्लब असे तिन्ही शब्द होते. अध्यक्ष अण्णा. मी आल्या आल्या चिटणीस झालो, कारण माझ्याकडे दौत होती. संघाचा प्रमुख एक दांडगा तरुण शेतकरी होता. त्याला सगळा गाव कप्तान म्हणे. त्याची आईसुद्धा "कप्तान, म्हशीला पाणी दाव" असंच ओरडे.

बाहेरचे संघ आले की मॅचच्या आधी अण्णा त्यांना मैदानाचा इतिहास सांगत. हा कार्यक्रम टाळता येत नसे, कारण तो जेवणाच्या पंगतीत होई आणि वाढणारे हात अण्णांच्या इशाऱ्यावर चालत. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा या जमिनीचा इतिहास अण्णांच्या आजोबांपासून सुरू होत होता. पुढल्या वर्षी तो पेशवाईत गेला; पेशव्यांची घोडी इथं चरत असत. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी, मी भाताचा घास तोंडात घालत असताना, पांडव वनवासात येऊन या तीन खाचरांत चेंडू खेळून गेले.

मी पाहुणे गेल्यावर हटकलं. "अण्णा, पांडव इकडे आले होते याला काही आधार?"

"आले न्हवते याला काय आधार हाय?"

मी इतिहासाचा शिक्षक होतो. या प्रश्नाचं उत्तर मला शिकवलेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मोठमोठ्या संस्थांच्या वार्षिक अहवालांत मी पुढे जे इतिहास वाचले, त्यांच्यापेक्षा अण्णांचा इतिहास काही फार कच्चा नव्हता. तो निदान गरम भाताबरोबर मिळत असे.

स्टेडियम हा शब्द गावात यायच्या आधी आमच्याकडे स्टेडियम होतं. मैदानाच्या वर डोंगराला पायऱ्या-पायऱ्यांनी इतरांची खाचरं चढत गेलेली होती. मॅचच्या दिवशी जो तो आपापल्या बांधावर बसे. दुसऱ्याच्या बांधावर बसणं हा मालकी हक्काचा प्रश्न होई. बायका सगळ्यात वर, करवंदीच्या जाळीजवळ. तिथून खेळ कमी आणि माणसं जास्त दिसत, आणि त्यांना तेच हवं असे. खालच्या गोलामागे ओढा. चेंडू ओढ्यात गेला की खेळ थांबे. तो भिजून जड होई, आणि कप्तान तो घोंगडीत गुंडाळून, कडेवरच्या लेकरासारखा थोपटत कोरडा करी. त्या वेळात पाहुणे दम खात. आमचे लोक विडी ओढत.

आता त्या उताराबद्दल. तीन खाचरं एकाखाली एक, म्हणजे बांध काढले तरी वरच्या गोलापासून खालच्या गोलापर्यंत चांगला दीड पुरुष उतार होता. पाहुण्यांना पहिल्या निम्म्यात उताराच्या बाजूनं खेळायला द्यायचं, असा अण्णांचा दंडक होता. नाणेफेक करायची त्यांनी कधी गरज मानली नाही. "पावण्यांनी आधी चढ चढायचा? आपल्याकडं अशी रीत न्हाई."

रीत अशी होती: पाहुणे अकराच्या एसटीनं येत. बाराला पंगत बसे. आंबेमोहोराचा भात, कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकरी, वरून सायीचं दही. अण्णा बूट वाजवीत पंगतीतून फिरत आणि पाहुण्यानं हात आडवा धरला की दुखावत. "काय, आवाडलं न्हाई व्हय?" असं विचारलं की शहरातला माणूस हरतो; तो आणखी खातो. मग मॅच. पहिल्या निम्म्यात पाहुणे उतारानं धावत सुटत, दोन-एक गोल करत, खूष होत. मग बाजू बदलत. मग भात पोटात फुगे, ऊन डोक्यावर तापे, आणि चढ समोर उभा राही. शेवटची वीस मिनिटं आमची पोरं चेंडूला नुसता पाय लावत. बाकीचं काम खाचरं करत.

मला वाटे हा माणूस मोठा मुत्सद्दी आहे. वेढा न घालता, तलवार न उपसता, वाढून वाढून शत्रू मारतो. वर्गात एखादी लढाई शिकवताना मला अण्णांची पंगत आठवे.

हे सगळं बदललं ते एका शिंप्यामुळे.

कॅम्पातला एक क्लब दरवर्षी आमच्याकडे येई. त्याचा कप्तान पेशानं शिंपी होता. उंच, किडकिडीत, तोंडाचा फटकळ. त्या वर्षी ते चार-दोननं हरले. मॅच संपल्यावर ओढ्यात पाय धुताना अण्णा त्याला म्हणाले, "फुडल्या साली बी या."

"येऊ की, अण्णा," शिंपी म्हणाला. "असलं जेवण आमच्या कॅम्पात लग्नात पण नसतं. पण एक करा. जेवायलाच बोलवा, मॅच नको."

"का बरं?"

"का काय? आधी पोट भरता, मग उतारावर सोडता, मग भरल्या पोटानं चढावर हाकता. अहो, बकरी ईदच्या बकऱ्याला पण आम्ही निदान धावायला लावत नाही."

सगळे हसले. त्याचे लोक हसले, आमचे हसले, आमचा कप्तान तर ओढ्यात बसलाच. शिंपी पुढे म्हणाला, "तुमची पोरं चांगली आहेत, मी नाही म्हणत नाही. पण आम्ही हरतो ते तुमच्या पोरांकडून नाही, तुमच्या जमिनीकडून."

अण्णा हसले नाहीत. पाहुण्यांना त्यांनी एसटीपर्यंत पोचवलं, प्रत्येकाला तांदळाची पिशवी दिली, ती त्यांची पद्धतच होती. पण परत येताना ते बुटांचा आवाज न करता चालले. बोटभर मोठ्या बुटांत ते सोपं नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा ते माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, लोकांस्नी खरंच असं वाटतं व्हय?"

"कसं?"

"का मी मुद्दाम जेवाय घालतो म्हून."

वस्तरा गालावर होता, म्हणून मला गप्प राहायला निमित्त मिळालं. ते निमित्त जरा लांबलं.

"तुमाला बी?" ते म्हणाले. "पावण्याला उपाशी खेळवायचं? आणि आल्या आल्या चढावर घालायचं? आमच्या बापानं असं शिकवलं न्हाई, मास्तर."

मी इतकी वर्षं ज्याला डावपेच समजत होतो तो नुसता पाहुणचार होता. आमच्या शिकलेल्या लोकांत एक खोड असते. समोरच्याच्या साध्या वागण्यामागे आपण डोकं शोधतो, आणि सापडलं नाही तर आपलं घालतो. तो डावपेच माझाच होता.

अण्णांनी पुढच्या मॅचला जेवण नंतर ठेवलं. पिरंगुटाकडचा एक संघ आला होता. त्यांच्यातल्या एकाला भुकेनं घेरी आली, आणि अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकलो आम्हीच. त्याच्या पुढच्या वेळी पाहुण्यांना आधी चढ दिला. तरी जिंकलो. कारण लहानपणापासून त्या उतारावर वाढलेल्या पोरांना चेंडू कुठे वळेल हे पायांनाच कळे. प्रत्येक विजयानंतर अण्णा अधिक चिडके होत गेले. गाव म्हणे, हे बघा, जिंकून सुद्धा तोंड पाडून बसणारा अध्यक्ष.

याच सुमाराला आमच्या सरपंचांना सरकारी क्रीडांगण मिळालं. सरपंच दिसायला भारदस्त होते आणि साधं बोलणं त्यांना अपमानास्पद वाटे. ते चहा मागवतानासुद्धा "बंधूंनो" म्हणत. शाळेमागच्या गायरानाचा मुरूम सपाट करून तिथं मोठं मैदान करायचं होतं, भोवती तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, आणि फाटकावर उद्घाटन करणाऱ्याचं नाव. नाव कुणाचं ते ठरायचं होतं, पाटी मात्र तयार होती. अडचण एकच. तिथं खेळायला क्लब हवा होता, आणि क्लबला आपलं मैदान होतं.

क्लबच्या कमिटीची बैठक देवळात भरली. सरपंच तासभर बोलले. राष्ट्राची उभारणी, तरुणांचे बाहू, सपाट भूमी. मग मतं घेतली. निम्मे हात सपाट भूमीच्या बाजूनं, निम्मे खाचरांच्या. मी चिटणीस; मला मत नव्हतं. बरोबरी झाली की अध्यक्षाच्या मतावर निकाल, असा नियम खुद्द अण्णांनीच करून ठेवलेला. सरपंचांनी निराशेनं पागोटं सारखं केलं, कारण निकाल सगळ्यांना ठाऊक होता.

"गायरानावर," अण्णा म्हणाले आणि त्यांनी हात वर केला.

कप्तान म्हणाला, "अण्णा, आवं तुमी चुकून वर केला काय हात?"

"खाली घेटला का मी?"

"पर आपलं मैदान? पांडवांपासनं..."

"पांडवांचं पांडव बघून घेतील," अण्णा म्हणाले, आणि बूट वाजवीत निघून गेले.

मी त्यांच्यामागे जवळजवळ धावलो. घराच्या वळणावर ते थांबले. "मास्तर, त्या शिंप्याचं एक मनातनं जाईना बगा. पोरं जिंकत्यात का जमीन जिंकती? हे कळल्याबिगर मला चैन न्हाई. आन् माझ्या जमिनीवर खेळून ते कळायचं न्हाई."

"आणि जमीनच जिंकत होती असं निघालं तर?"

"तर मग इतकी वर्सं आमी पोरांस्नी खोटं सांगत आलो," ते म्हणाले आणि आत गेले.

उद्घाटनाला जे पाहुणे आले ते कुठल्या खात्याचे होते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यांच्याबरोबर तीन गाड्या होत्या, त्यामुळे खातं लहान नसावं. व्यासपीठ मैदानाच्या बरोबर मधोमध घातलं होतं. सभेला मध्य लागतो हे सरपंचांना ठाऊक होतं; खेळालाही तोच लागतो हे लक्षात यायचं कारण नव्हतं. भाषणं झाली, हार झाले. मग पाहुण्यांच्या हस्ते, म्हणजे पायानं, चेंडू मारण्याचा समारंभ. पाहुण्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूला मारायचा?" सरपंच हात जोडून म्हणाले, "साहेब, आपली मर्जी असेल त्या बाजूला." साहेबांनी तो आपल्या मोटारीच्या बाजूला मारला आणि त्याच बाजूनं ते निघून गेले. व्यासपीठ सोडवायला मांडववाल्याला अर्धा तास लागला. मग खेळ सुरू झाला, कॅम्पातल्या त्याच शिंप्याच्या संघाशी.

आम्ही पाच-शून्यनं हरलो.

सपाट जमिनीवर चेंडू जिकडे मारला तिकडेच जातो, ही गोष्ट आमच्या पोरांना पटेना. ती सवयीनं जरा वर मारत आणि चेंडू वळून खाली येईल म्हणून वाट बघत उभी राहत. तो येत नसे. आमचे लेफ्ट बॅक तर दर वेळी नसलेल्या बांधावरून उडी घेत. शिंप्यानं मॅचनंतर काही टोमणा मारला नाही. त्याचं न मारणं अण्णांना जास्त लागलं.

तो सगळा उन्हाळा आम्ही हरलो. पौडला हरलो, धरणाच्या वसाहतीत हरलो, घरच्या नव्या मैदानावर तर नेमानं हरलो. गावातले लोक अण्णांना रस्त्यात अडवून म्हणत, "परत चला की खाली. हट कशापायी?" वहिनींनी मात्र त्या वर्षी बांध कायमचे घालून घेतले होते, आणि खाचरांत वाल चांगला तरारला होता. त्या मला म्हणाल्या, "भावजी, हारत्यात तर हारू द्या. मला आमटीला वाल मिळाला." अण्णा वालाची आमटी मुकाट्यानं जेवत. संध्याकाळ झाली की मात्र ते गायरानावर जात. तारेच्या कुंपणाला धरून उभं राहायचं, आणि तिथून पोरांवर ओरडायचं. आत जायला फाटकाची किल्ली लागे आणि ती सरपंचांकडे असे. पोरं तारेवरून उड्या टाकून आत जात. अध्यक्षांचं वय तसं नव्हतं.

"सरळ मार, सरळ!" ते ओरडत. "चेंडूला सांगू नगंस, त्याला न्ये!"

मला खेळातलं फारसं कळत नसे. पण पाऊस लागायच्या सुमाराला पोरांनी चेंडूची वाट बघायचं सोडलं होतं, एवढं माझ्याही लक्षात आलं.

पुण्यात फुटबॉल पावसातच रंगतो. ऐन आवणीच्या दिवसांत शिंप्याच्या क्लबचं बोलावणं आलं. रविवारी, त्यांच्या मैदानावर. आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरात लावायची, आणि ती दोन-चार दिवस इकडचीतिकडे झाली तर वर्षाचं पीक जातं. त्या दिवसांत गावातून अकरा दांडगी पोरं पुण्याला पाठवायची, म्हणजे अकरा घरांशी भांडण. अण्णा घरोघर गेले. काय बोलले मला माहीत नाही. पण पोरं सकाळच्या एसटीत बसली. अण्णांच्या स्वतःच्या घरातला गडी लेफ्ट हाफ होता. तोही गेला.

"तुम्ही नाही जात?" मी विचारलं.

"मी गेलो तर पोरं माझ्याकडं बघत खेळत्यात," ते म्हणाले. "आन् हिच्या एकटीनं आवणी उरकंल व्हय?"

त्या दिवशी ते, वहिनी आणि दोन बायका अशी चौघं खाचरात. मी वरच्या बांधावर छत्री धरून उभा. पाऊस सारखा होता, जोराचा नव्हे. अण्णांच्या पाठीवर पानांचं इरलं. वाकून, मूठ-मूठ रोपं चिखलात रोवत ते मागे मागे सरकत होते. पायांत, आयुष्यात पहिल्यांदा मी पाहत होतो, बूट नव्हते. दुपार झाली, चहा झाला. एकदा फक्त त्यांनी मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "एसटी साडेपाचला हाय. बगितलं म्हून आदी येत न्हाई."

एसटी आली. गावात न जाता पोरं तशीच बांधाबांधानं खाली पळत आली. कप्तान पुढे, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. तो बांधावर उभा राहिला आणि त्याला दम इतका लागला होता की बोलता येईना. अण्णांनी हातातली रोपांची मूठ खाली ठेवली नाही.

"दोन-एक, अण्णा," कप्तान म्हणाला.

"कुणाचे दोन?"

"आपले."

वाकलेल्या वहिनी उभ्या राहिल्या. अण्णा मात्र तसेच वाकलेले.

"जमीन कशी व्हती?"

"सपाट. पार परातीवानी."

"ओढा? चढ? कायबी?"

"कायबी न्हाई."

"जेवाय घाटलं व्हतं का त्यास्नी कुणी मॅचच्या आदी?"

"न्हाई अण्णा. त्यांनीबी न्हाई खाल्लं, आमालाबी न्हाई दिलं. निस्ता च्या."

अण्णा सरळ झाले. इरल्याखालून त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही. पाऊस होता, आणि मी त्यांना निरखून बघण्याइतका निर्लज्जही नव्हतो. त्यांनी एकेका पोराकडे पाहिलं. ओळीनं, सावकाश, जसं बांध घातल्यावर गळतोय का ते बघत तसं.

"शिंपी काय म्हनला?"

"म्हनला, अण्णास्नी सांगा, पोरं जिंकली."

अण्णांनी मान हलवली. मग त्यांनी हातातल्या मुठीतली निम्मी रोपं कप्तानच्या हातात दिली.

"उतरा मग खाली," ते म्हणाले. "दिस हाय तवर हे खाचर निगंल. आन् मास्तर, तुमी बी. छत्री मिटा."